पहिली जुनी गाडी: १९३८ ची शेव्हर्ले सेडान, इंदूरहून मांडू-महेश्वर फिरायला. सल्ला हवा

रामबाग_कट्टा

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय. युद्धापूर्वीची एक गाडी घ्यायचा विचार पक्का होत आलाय. पैसे मोजण्याआधी जाणत्यांचं मत हवं आहे.

गाडी १९३८ ची शेव्हर्ले, चार दारांची सेडान, स्टिअरिंग उजवीकडे. उज्जैनच्या एका कुटुंबात पहिल्यापासून आहे. घरातले आजोबा वकील होते, त्यांनी मुंबईहून मागवली असं सांगतात. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजातून पूर्ण रिस्टोर करून घेतली. पत्र्याचं काम, काळा रंग, क्रोम, गाद्या, छताचं कापड, सगळं नवं. इंजिनही खोलून केलं म्हणतात. त्यानंतर मात्र वराती आणि गावातली एखाददुसरी रॅली यापलीकडे ती चाललेली नाही. पुढच्या पिढीला सांभाळणं जमत नाही म्हणून विकतायत.

मला ती चालवायची आहे. आई, बायको, दहा वर्षांची मुलगी आणि मी, सकाळी निघून देवास किंवा उज्जैन. पुढे जमलं तर मांडू, महेश्वर, मुक्कामासकट. वडिलांची ॲम्बॅसॅडर मी वर्षानुवर्षं सांभाळली आहे. पॉइंट घासणं, टॅपेट लावणं, कार्बोरेटर साफ करणं हाताला ठाऊक आहे. सहा व्होल्टच्या गाडीला मात्र कधी हात लावलेला नाही.

पहिलीच जुनी गाडी म्हणून ही निवड बरोबर आहे का? बघायला जाईन तेव्हा काय तपासू? आणि चार माणसं घेऊन ती विंध्याचा घाट उतरेल-चढेल का?

पोलोग्राउंड

आधी एक सांगा: मास्टर की मास्टर डिलक्स? विकणारे दोन्हींना ‘मास्टर’च म्हणतात, पण तुमच्या कामासाठी दोघींत मोठा फरक आहे.

१९३८ च्या मास्टर डिलक्सला पुढे ‘नी ॲक्शन’ सस्पेन्शन असे. प्रत्येक पुढच्या चाकामागे तेलाने भरलेला एक बंद डबा, स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर त्याच्या पोटात. नवी असताना गाडी अलगद चालायची. आता ते डबे गळतात, तेल गेलं की पुढचा भाग डोलतो, आणि ते नीट बांधून देणारा माणूस मिळणं कठीण. कंपनीनेच १९३९ मध्ये ती रचना सोडली. साध्या मास्टरला मात्र पुढे सरळ एक्सल आणि पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. असे पाटे आपल्याकडे ट्रक-जीपचे कारागीर रोज खोलतात, पिना-बुशिंगा लेथवर करून मिळतात. पहिल्यांदा जुनी गाडी घेणाऱ्याने डिलक्स या शब्दाला भुलू नये. साधी मास्टर असेल तर घ्या.

पुढच्या बंपरखाली वाकून बघा. आडवा एक्सल आणि दोन बाजूंना पाट्यांच्या जोड्या दिसल्या की पुढचं बोलू.

रामबाग_कट्टा

काका, मालकांकडून फोटो मागवला. सरळ एक्सल आहे, पाटे आहेत.

पोलोग्राउंड

मग ऐका. थोडं लांबेल, कारण हा विषय माझ्या आवडीचा आहे आणि आयुष्य इंजिनांचे सिलिंडर बोअर करण्याच्या मशीनवर गेलं आहे.

तुमच्या गाडीत शेव्हर्लेचं २१६ घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन असणार. साडेतीन इंच बोअर, पावणेचार इंच स्ट्रोक, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, ८५ हॉर्सपॉवर. १९३७ ला आलं आणि १९५३ पर्यंत थोड्याफार बदलांनी चाललं. व्हॉल्व्ह डोक्यावर, वरचं झाकण काढलं की रॉकर समोर दिसतात, त्यामुळे टॅपेट लावणं तुमच्या ॲम्बॅसॅडरइतकंच सोपं. गरम इंजिनात फट इनटेकला ६ थाउ (इंचाचे हजारावे भाग), एक्झॉस्टला १३ थाउ.

आपल्याकडे हे इंजिन अनोळखी कधीच नव्हतं, हे त्यातलं मोठं सुख. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती. त्यामुळे संस्थानांच्या बाहेरचा माणूस, म्हणजे डॉक्टर, वकील, कंत्राटदार, मोटार घ्यायचा तर शेव्हर्ले हे नाव त्याच्या यादीत असायचंच. मग युद्धात कॅनडात बनलेले शेव्हर्लेचे लष्करी ट्रक आले, तेही याच २१६ इंजिनावर. युद्ध संपल्यावर लष्कराने ते विकून टाकले आणि गावोगावच्या मिस्त्र्यांचा हात त्यांच्यावर बसला. ती पिढी आता जवळजवळ गेली, पण सुटे भाग अजून निघतात, आणि अमेरिकेत या इंजिनाचे पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट आजही नवे बनतात.

आता जपायची गोष्ट. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं सुट्या शेलची नाहीत, रॉडमध्येच व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ धातू, ओतलेलं आहे. आणि त्यांना तेल पंपाच्या दाबाने मिळत नाही. मेन बेअरिंग आणि कॅमशाफ्टला पंपाचं तेल. रॉडच्या खाली मात्र एक छोटी पळी असते, ती खालच्या तेलाच्या खोबणीत बुडून तेल उचलते, आणि वेग वाढला की नळीतून त्या पळीवर तेलाची धार येते. हे इंजिन मुळात दमदार आहे, पण खालच्या वेगाचं. तासाला ६५-७० किलोमीटरवर ते दिवसभर चालेल. बायपासवर मागचे लोक हॉर्न मारतात म्हणून तुम्ही ते तासभर ९५ वर ठेवलंत, तर रॉडचं व्हाइट मेटल वितळून बाहेर येऊ शकतं.

तेलाचा दाब दाखवणाऱ्या काट्याने घाबरू नका. गरम इंजिनात रस्त्याच्या वेगाला १२ ते १५ पौंड हे या गाडीला निरोगी आहे, आयडलिंगला त्याहून बरंच कमी. आजच्या गाड्यांच्या हिशोबाने ४० पौंड शोधू नका.

बघायला जाल तेव्हा असं करा. गाडी गार असताना स्टार्ट करायला सांगा, आधीच गरम करून ठेवली असेल तर परत या. गरम झाल्यावर थोडा ॲक्सिलरेटर देऊन हळूच सोडा. सोडताना ठकठक ऐकू आली तर एकेका प्लगची वायर काढून बघा. ज्या सिलिंडरची काढल्यावर आवाज बदलतो, त्याचा रॉड सैल. या रॉडच्या कॅपखाली पातळ पत्र्या असतात, थोडी झीज असेल तर एखादी पत्री काढून ती भरून काढता येते. फार झीज असेल तर व्हाइट मेटल नव्याने ओतून बोअर करावं लागेल, आणि ते काम करणारा कारागीर आधी शोधून मगच सौदा करा.

सुदामानगर

मी वेगळं मत मांडते. आमच्या माहेरी मॉरिस एट होती, ९१८ सीसीची. दिसायला फार गोड. पण चार माणसं बसली की चढावर दमायची, आणि वडील प्रत्येक सहलीच्या आदल्या रात्री गाडीखाली असायचे. आई शेवटी म्हणाली, तुम्ही गाडी घेऊन या, मी बसने येते.

दादा, तुम्हाला कुटुंबाला घेऊन फिरायचं आहे. साठच्या दशकातली फियाट अकराशे किंवा जुनी मार्क टू ॲम्बॅसॅडर घेतलीत तर बारा व्होल्ट मिळतील, सुटे भाग सियागंजात मिळतील, मिस्त्री गल्लीत मिळेल. जुन्या गाडीचा आनंद तोच. युद्धापूर्वीचीच हवी हा हट्ट कशासाठी?

रामबाग_कट्टा

ताई, हट्ट नाही, ओढ आहे. ॲम्बॅसॅडर मी जगलो आहे, त्यात नवं काही शिकायचं उरलेलं नाही. ही गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा मागच्या सीटवर आईला बसवलं. पाय लांब करता आले, आत-बाहेर करताना गुडघा मुडपावा लागला नाही. तिचे गुडघे गेलेत, आजच्या गाडीत बसताना तिला त्रास होतो. छत उंच, दार रुंद, सीट खुर्चीच्या उंचीची. तिनेच विचारलं, ‘यातून महेश्वरला जाता येईल का रे?’ पण तुमचा मुद्दा खरा आहे, कुटुंब वाटेत अडकलं तर सगळ्या हौसेवर पाणी पडेल. म्हणूनच विचारतोय.

पोलोग्राउंड

सुदामानगर ताईंचं म्हणणं मला पटतं, पण मॉरिस एट आणि ही गाडी एका मापाने मोजू नये. एकीकडे ९१८ सीसी, दुसरीकडे साडेतीन लिटर. मास्टर वजनाला सव्वा टनाच्या आसपास, आणि खालच्या वेगाचा टॉर्क इतका की तिसऱ्या गिअरमध्ये ती माणसाच्या चालीच्या जवळ येऊनही धक्का न देता पुन्हा वेग घेते.

शिवाय १९३६ पासून शेव्हर्लेला हायड्रॉलिक ब्रेक आहेत. फोर्डने ते १९३९ ला दिले, त्याआधी रॉड आणि केबल. छप्पर अख्खं पोलादी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला सिंक्रोमेश आहे, म्हणजे चालत्या गाडीत ते न खरखरता पडतात, पहिल्याला नाही; पहिला टाकायचा तर गाडी थांबवून किंवा डबल क्लच करून, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबून. १९३८ ला क्लचही डायफ्रॅम स्प्रिंगचा आला, पायाला हलका. युद्धापूर्वीच्या गाड्यांत नवशिक्याला चालवायला सोप्या ज्या थोड्या आहेत त्यात ही येते, असं माझं ठाम मत आहे.

इंदूरचा विषय निघाला की लोक होळकरांच्या गाड्या सांगतात, यशवंतराव महाराजांची, गर्नी नटिंग या इंग्लिश कारखान्याची बॉडी असलेली अमेरिकन ड्यूसेनबर्ग वगैरे. त्या गाड्यांचा मला आदर आहे. पण त्या काळी माळव्याच्या रस्त्यांवर खऱ्या अर्थाने फिरली ती अशी साधी सहा सिलिंडरची सेडान, आणि तिला कोणी जपून ठेवलं नाही. म्हणून एक चालती राहिली तर मला जास्त आनंद आहे.

सुदामानगर

काका, मॉरिसबद्दल मान्य. पण मुलगी मागे बसणार, आणि त्या गाडीत सीट बेल्ट नसणार. त्याचं काय?

पोलोग्राउंड

रास्त प्रश्न. मूळ गाडीत बेल्ट नाहीतच. कमरेचे बेल्ट बसवता येतात, पण बोल्ट नुसत्या फरशीच्या पत्र्यात नको. खालून जाड पोलादी पट्टी देऊन चेसिसच्या आडव्या पट्टीजवळ धरायला हवेत. आणि मागची दारं आतून नीट लागतात का, लॅच झिजलेत का, हे आधी बघा. त्या काळच्या दारांचे लॅच झिजले की वळणावर दार उघडतं.

कागदपत्रे

इंजिनाचं काका बघतीलच, मी आरसीचं बोलतो. हौशी माणूस इथेच फसतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात असलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

आता तुमच्या कामाचं. व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रस्त्यावर आणायची कारणं ठरलेली आहेत: प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, व्हिंटेज रॅली, तिथे जाणं-येणं, इंधन भरणं, दुरुस्ती. नियमित वापर आणि धंदा चालत नाही. आईला घेऊन महेश्वर या यादीत बसत नाही. म्हणून मालकांची आरसी साधी आहे का, तिचं नूतनीकरण वेळेवर झालंय का, हे आधी तपासा. साधी आरसी जिवंत असेल तर ती तशीच चालू ठेवा, पाच-पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करा. जुन्या गाड्यांची ही फी अलीकडे वाढली आहे, ती धरून चाला. आरसी मेली असेल तर सौदा करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, एजंटच्या शब्दावर पैसे देऊ नका.

चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी अंक-अंक जुळवा. पुन्हा रंगवताना नंबराची पट्टी हरवणं किंवा इंजिन बदललेलं असणं नेहमीचं आहे. विमा काढताना किंमत आधीच ठरवून लिहून घ्या, नाहीतर अपघातानंतर कंपनी गाडीला भंगाराचा भाव लावेल.

निमाडी

मंडलेश्वरचा माणूस आहे, रस्त्याचं मी सांगतो.

मांडूला जायचं तर धारवरून जा. इंदूर-धार-मांडू शंभरेक किलोमीटर, सगळं पठारावरून. चढ-उतार आहेत पण घाट म्हणावा असा नाही, शेवटी काकडा खोहच्या अलीकडे-पलीकडे वळणं आहेत तेवढी. नव्या हाताला हा रस्ता उत्तम.

महेश्वरचं वेगळं. तिथे विंध्य उतरूनच निमाडात यावं लागतं. आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूर, गुजरी, धामनोद. या पट्ट्यात गणपती घाट आहे, ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी तो बदनाम आहे. आता तिथे वळणरस्ता झालाय, तरी ट्रकांची गर्दी आहेच. दुसरा रस्ता महूवरून जाम दरवाज्याने मंडलेश्वरला. देखणा, ट्रक कमी, पण उतार तीव्र आणि वळणं आखूड. अहिल्याबाईंनी बांधलेल्या त्या दरवाज्यात उभं राहिलं की खाली अख्खं निमाड दिसतं. या गाडीने तिथे यावं असं मला मनापासून वाटतं, पण पहिल्या वर्षी नको.

आणि दादा, उन्हाळ्यात खाली येऊच नका. मे महिन्यात निमाडात पारा ४४ पर्यंत जातो. दसऱ्यानंतर होळीपर्यंत या.

रामबाग_कट्टा

मांडू तर लोक पावसाळ्यातच बघतात ना? धुकं, हिरवळ, रूपमती मंडप. श्रावणात नेली तर?

पोलोग्राउंड

पावसात नको. त्या काळचे वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात. सपाटीवर, ॲक्सिलरेटर हलका असताना ते झरझर फिरतात. चढावर पाय दाबला की इंजिनाचा व्हॅक्यूम पडतो आणि वायपर मंदावतात, कधी काचेच्या मधोमध थांबतात. पाऊस, चढण आणि समोरून बस, अशा वेळी काच दिसत नाही म्हणजे खेळ नाही. शिवाय ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक काही वेळ धरत नाहीत. श्रावणातलं मांडू आजच्या गाडीने बघा.

निमाडींच्या उन्हाळ्याच्या बोलण्यात भर घालतो. या रेडिएटरचं झाकण दाबाचं नाही. आजच्या गाडीत दाबामुळे पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. इथे इंदूरच्या उंचीवर ते ९८ च्या सुमाराला उकळणार. हातात राखीव फारच थोडं. रिस्टोर करताना रेडिएटर बहुधा बाहेरून रंगवून बसवतात. इंजिनाच्या बाजूची कोअर प्लग, म्हणजे पाण्याच्या पोकळीची पत्र्याची बुचं, काढून आतली माती-गंज उपसली का, हे कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. सहाव्या सिलिंडरभोवती, म्हणजे अगदी मागे, गाळ सगळ्यात जास्त साचतो आणि तिथेच पाणी फिरत नाही.

दांडियाबझार

वडोदऱ्याहून हजेरी. २०२३ च्या जानेवारीत आमच्याकडे लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात २१ गन सॅल्यूट हा जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला, तेव्हा तिथे एकाहून एक रिस्टोर केलेल्या गाड्या बघितल्या. प्रदर्शनासाठी सजवलेली गाडी आणि लांब चालवायची गाडी यांचे गुण वेगळे. रंगाची खोली आणि क्रोमची चमक बघून इंधनाच्या नळीचा अंदाज येत नाही, म्हणून मी पेट्रोलचं सांगतो.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ऑक्टेनची तुम्हाला काळजी नाही, या इंजिनाचं कॉम्प्रेशन इतकं कमी आहे की साधं पेट्रोलही त्याला जास्तच आहे. महागडं प्रीमियम घालून काही मिळणार नाही. त्रास तीन ठिकाणी. एक, जुनं रबर: पंपाचा डायफ्रॅम, लवचिक नळी, वॉशर. इथेनॉलने ते फुगतं नाहीतर कडक होऊन चिरतं. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे भाग मागवून सगळे एकदम बदला. दोन, टाकी. रिस्टोर करताना आतून जे लेपन करतात ते काही वेळा इथेनॉलने सुटतं आणि त्याचे पापुद्रे कार्बोरेटरमध्ये येतात. टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून उजेडात धरा, पापुद्रे किंवा गंज दिसेल. तीन, मिश्रण. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे जुन्याच जेटवर मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रणाने इंजिन तापतं. कार्बोरेटर थोडा ‘श्रीमंत’, म्हणजे जास्त पेट्रोल देणारा, करून घ्या.

आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका. हे पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं. मग पाणी आणि इथेनॉल तळाला जाऊन बसतं आणि पत्रा खातं.

रामबाग_कट्टा

मंडळी, काल बघून आलो. ओळखीतल्या एका जुन्या मिस्त्रींना बरोबर नेलं होतं. अहवाल देतो.

इंजिन गार होतं. सुरू व्हायला वेळ घेतला, स्टार्टर रडत रडत फिरला. एकदा सुरू झाल्यावर मात्र शिवणयंत्रासारखा एकसारखा आवाज. कॉम्प्रेशन सहाही सिलिंडरमध्ये जवळजवळ सारखं. सोडताना ठकठक नाही, प्लगच्या वायरी एकेक काढून बघितल्या. तेलाचा काटा गरम झाल्यावर १३ च्या आसपास, काकांनी आधी सांगितलं नसतं तर मी परत फिरलो असतो. आरसी साधी आहे, नूतनीकरण झालेलं, दोन्ही नंबर जुळतात.

आता वाईट. ब्रेकच्या रबरी नळ्यांना भेगा आहेत, पोलादी पाइप तसेच जुने, वरून रंग मारलेला. ब्रेक ऑइल काळं. उजवं पुढचं चाक ब्रेक लावल्यावर ओढतं. टायर नवे दिसतात, पण मिस्त्री म्हणाले ते ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे आहेत. हेडलाइट पिवळट मिणमिणते. गरम झाल्यावर बंद करून पुन्हा सुरू केली तर स्टार्टर फिरेचना, ढकलावी लागली. रेडिएटरचं आतलं काम झालं का हे मालकांना माहीत नाही. दारांचे लॅच चांगले आहेत.

सोडून द्यावी का?

पोलोग्राउंड

सोडू नका! तुम्ही सांगितलेल्या वाईट गोष्टींत इंजिनाचं, चेसिसचं किंवा पत्र्याचं काही नाही. ज्याला मोठा पैसा आणि वर्षभर थांबणं लागतं ते सगळं चांगलं आहे. बाकी सगळं इंदुरात होणारं काम आहे. मालकांशी भाव करताना मात्र एकेक खर्च समोर मांडा.

ब्रेक सगळ्यांत आधी, आणि ते झाल्याशिवाय गाडी उज्जैनहून चालवत आणू नका, ट्रेलरवर आणा. या गाडीचा मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेक पॅडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर, एकाच सर्किटचा आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि हातात फक्त मागच्या चाकांचा हँडब्रेक उरतो. म्हणून ‘भेगा आहेत पण चालतायत’ हे वाक्य इथे चालत नाही. सगळे पाइप नवे, रबरी नळ्या नव्या, चारही व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर खोलून आत गंजाचे खड्डे असतील तर स्लीव्ह टाकून घ्या. ड्रम लेथवर गोल करून लायनर त्याला बसते करा, म्हणजे ओढणं जाईल. मग साधं डॉट थ्री ब्रेक ऑइल, दर दोन वर्षांनी बदलायचं, कारण ते पाणी पितं.

टायर. ६.००-१६ हे माप आपल्याकडे जीपला लागतं, म्हणून ते सहज मिळतं. तेच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही लागतं, उभ्या रेघांचं. ते शेतासाठी आहे, ताशी ६० ला रस्त्यावर चालवायला नाही. जीपचे रस्त्याचे टायर आणि नव्या ट्यूब घाला. ओढण्यात आणि डोलण्यात निम्मा फरक तिथेच पडेल.

आता तुमचा स्टार्टर आणि दिवे. लोक हे बघून म्हणतात, सहा व्होल्ट टाकाऊ, बारा करून टाका. करू नका. ही गाडी सहा व्होल्टवर बर्फाळ देशात सुरू व्हायची. तेवढ्याच कामाला सहा व्होल्टला दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल जाड हवी. रिस्टोर करणाऱ्याने बहुतेक आजच्या बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल लावली असणार. गरम झाल्यावर स्टार्टरला जास्त करंट लागतो आणि ती बारीक केबल तो पोचू देत नाही. आणि दुसरं कारण नेमकं सुंदर रंगाचं आहे: चेसिस, इंजिनाचे माउंट, हेडलाइटच्या वाट्या, सगळं छान रंगवून जोडलं की धातू धातूला लागतच नाही आणि अर्थ, म्हणजे करंट परत जायची वाट, मिळत नाही. बॅटरी ते स्टार्टर जाड वेल्डिंग केबल, बॅटरी ते चेसिस आणि चेसिस ते इंजिन जाड अर्थ पट्ट्या, जोडाच्या जागी रंग खरवडून लख्ख धातू. हेडलाइटला वेगळी अर्थ वायर. एवढं करून मग सांगा दिवे मिणमिणतात का.

सुदामानगर

रामबाग दादा, यादी वाचून माझं मत थोडं बदललं. इंजिन चांगलं आणि बाकीचं हाताने होणारं, तर घ्या. फक्त एक मागणं आहे. काम झाल्यावर पहिल्या काही फेऱ्या एकट्याने करा, आई आणि मुलीला नंतर बसवा.

निमाडी

ताईंशी सहमत. पहिली फेरी देवास करा भिया, पस्तीस-चाळीस किलोमीटर, सपाट, वाटेत काही झालं तर इंदूर हाकेच्या अंतरावर. मग उज्जैन. मग धारवरून मांडू. आणि घाट कधी उतरलात तर वरच थांबून दुसरा गिअर टाका आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. ब्रेक अधूनमधून दाबून सोडायचा, पाय टेकवून ठेवायचा नाही. ड्रम तापले की पॅडल घट्ट लागतं आणि गाडी मात्र थांबत नाही.

रामबाग_कट्टा

सौदा झाला. ब्रेक, टायर आणि वायरिंगचा अंदाज कागदावर काढून दाखवला, मालकांनी तेवढी रक्कम कमी केली. त्यांनी एक अटही घातली, गाडी विकाल तर आधी आम्हाला विचारा. मला ती अट आवडली. परवा ट्रेलरवर येतेय. सांवेर रोडवरच्या एका शेडमध्ये जागा मिळाली आहे, ब्रेक आणि कोअर प्लगची कामं तिथेच करणार. बेल्टची पट्टी तिथल्या फॅब्रिकेटरकडून करून घेईन.

काका, बाकी काही राहिलंय का जे मी विचारलंच नाही?

पोलोग्राउंड

अभिनंदन! एक राहिलं. या गाडीत प्रॉपेलर शाफ्ट एका बंद नळीत आहे, टॉर्क ट्यूब. तिच्या पुढच्या टोकाचं सील झिजलं की गिअरबॉक्सचं तेल त्या नळीतून मागे डिफरन्शियलमध्ये उतरतं. जमिनीवर एक थेंब पडत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. एकीकडे गिअरबॉक्स कोरडा पडतो, दुसरीकडे डिफरन्शियल भरून तेल मागच्या एक्सलच्या सीलमधून ब्रेक लायनरवर येतं.

म्हणून शेडमध्ये गाडी आली की आधी दोन्हींचे लेव्हल प्लग उघडा. गिअरबॉक्स कमी आणि डिफरन्शियलमधून तेल वाहिलं, तर मागचे ड्रम उतरवून लायनर तेलकट झालेत का बघा, आणि नवे लायनर लावण्याआधी ते सील बदला. त्यासाठी मागचा एक्सल मागे सरकवावा लागतो, तेव्हा क्लच प्लेटही एकदम बघून घ्या. गिअरबॉक्सला जीएल-फोर तेल घाला, जीएल-फाइव्ह नको, ते सिंक्रोच्या पितळेला मानवत नाही.

प्लग उघडल्यावर किती तेल निघालं ते इथे लिहा.